मुठीच्या आत काय आहे ते विचारा

ऑक्टोबर लागला की टेक्सस रेनेसाँ फेस्टिव्हलची, म्हणजे जुन्या युरोपाच्या थाटात भरणाऱ्या जत्रेची, चाहूल लागते आणि आमच्या ह्यूस्टनच्या मराठी ग्रुपांवर तलवारखरेदीचा एक सल्ला फिरायला लागतो. यंदा तो मला थेट कोल्हापूरहून आला. मेहुणा महिनाभर इकडे राहायला येणार होता. खाली त्याचीच पुरवणी होती: "दाजी, तलवार घ्यायचीच, पण हे वाचून घ्यायची."

मजकूर थोडक्यात असा. ही युरोपातली चारशे वर्षांची जत्रा. तिथला माल चीन-भारतातून येतो, म्हणजे शोभेचा. खरी तलवार दहा-पंधरा किलोची असते, इथली किलोभराची म्हणून खेळणं. खरी तलवार म्यानातून काढताना खणखणते. पात्यावर रक्त वाहून जायची खाच आहे का ते बघा. धार नसेल तर हात लावू नका. पैसे असतील तर 'दमास्कस'च घ्या. तलवार गाडीतून घरी नेलीत तर पोलीस धरतील. आणि शेवटी, आपल्या मावळ्यांच्या अस्सल देशी पोलादापुढे हे सगळं पत्रा.

मी दहा-बारा वर्षं या जत्रांना जातोय आणि एकदा चांगला फसलोय, म्हणून हे उत्तर.

चारशे वर्षांचं आधी उरकून टाकू. असली पहिली जत्रा १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये भरली. फिलिस पॅटरसन या शिक्षिकेनं आणि तिच्या नवऱ्यानं केपीएफके या रेडिओ केंद्राला पैसे जमवून द्यायला ती भरवली. आमची टेक्ससची १९७४ पासूनची. ह्यूस्टनच्या वायव्येला टॉड मिशन नावाचं गाव आहे, तिथे. सोळाव्या शतकातलं इंग्लंड, टर्कीची भाजलेली तंगडी आणि पार्किंगमध्ये टेक्ससचा चिखल.

आता वजन. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तेवढं ओझं एका हातात धरून माणूस लढेल की पाठीला शेक घेत बसेल? संग्रहालयांतल्या युरोपीय एकहाती तलवारी साधारण किलो-सव्वा किलोच्या आहेत. दोन्ही हातांनी धरायची लाँगसोर्ड सव्वा ते पावणेदोन किलोची. जर्मन भाडोत्री सैनिकांच्या माणसाएवढ्या उंच तलवारीही लढाईतल्या असतील तर बहुतेक दोन ते साडेतीन किलोंत बसतात. त्याहून जड होत्या त्या बऱ्याचशा मिरवणुकीत पुढे धरायच्या. आपली वाकडी तलवारही किलोच्याच आसपास. उलट दिसायला काडीसारखी रेपियर हातात घेतली की लोक चकित होतात, कारण तीही किलोभराची असते.

म्हणजे जत्रेतली तलवार हलकी लागली तर ती खोटी नाही. जड लागली तर मात्र थांबावं. जुनं पातं मुठीपाशी जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं, त्यामुळे वजन हाताजवळ राहतं. स्वस्त पातं पत्रा कापल्यासारखं सगळीकडे एका जाडीचं असतं आणि टोक सारखं जमिनीकडे ओढतं. पातं आडवं धरून परजेपुढे, म्हणजे मूठ संपते तिथल्या आडव्या दांड्यापुढे, बोट ठेवा. चार बोटांपासून वीतभराच्या आत कुठेतरी तलवार तोलून राहिली तर ठीक. त्याच्या फार पुढे जावं लागलं तर ती भिंतीवरच बरी.

खणखणाट हा सिनेमाचा आवाज. लाकडाच्या, चामडं चढवलेल्या म्यानातून पातं काढलं तर साडी घडीतून सरकावी तेवढाच आवाज येतो. धातूचं तोंड असलेल्या म्यानाला पातं घासलं तर किणकिण होते, पण ती म्यानाची. एक आवाज मात्र जरूर ऐका. दुकानदाराला विचारून मूठ धरायची आणि मुठीच्या शेवटच्या गोळ्यावर दुसऱ्या तळहातानं हलकेच थापटायचं. आतून खुळखुळ आली तर काहीतरी सैल आहे.

खाचेबद्दल एवढंच, की ती पन्हळ आहे. वजन कमी करून पातं ताठ ठेवायला काढतात. रक्ताचा काही संबंध नाही.

या अख्ख्या मजकुरात मुठीबद्दल एक अक्षर नाही. माझी पहिली तलवार दुसऱ्या एका राज्यातल्या छोट्या जत्रेतली. स्टेनलेस स्टील, आरशासारखं पातं, मुठीवर सोनेरी सिंह. घरी आल्यावर परसात दुधाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरून स्टुलावर ठेवलं, कारण इकडचे सगळे हौशी तेच करतात. पहिला वार हुकला, दुसरा कॅनला चाटून गेला. तिसऱ्याला हातात एकदम हलकं वाटलं. पातं कुंपणाच्या फळीत रुतलं होतं आणि मुठीतून बोटभर लांबीचा आटे पाडलेला रॉड बाहेर डोकावत होता. त्याच्या टोकाला वेल्डिंगचा काळा फोड. सिंह शाबूत. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघत होती. त्या दिवशी ती काही बोलली नाही, हे माझं नशीब.

झालं होतं ते साधं होतं. पात्याची शेपटी मुठीत जाते, तिच्यावर तलवार टिकते. चांगल्या कामात ही शेपटी पात्याच्याच पोलादाची, खांद्यापाशी रुंद, मुठीच्या पार टोकापर्यंत गेलेली असते आणि तिथे ठोकून रिव्हेटसारखी पसरवलेली किंवा भक्कम नटानं आवळलेली असते. भिंतीवरच्या मालात पात्याला एक पातळ रॉड वेल्ड करून देतात. शिवाय स्टेनलेस सुरीला झकास, पण हातभर लांब पात्याला वाराचा झटका सोसायचा तर स्प्रिंगसारखं लवून परत सरळ व्हायला लागतं. ते काम नीट पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-विझवून कणखर केलेलं, कार्बन स्टील करतं. म्हणून दुकानात मी तीनच गोष्टी विचारतो: पोलाद कोणतं, पाणी दिलंय का, शेपटी कशी बसवलीय. १०६०, १०७५, ५१६० असे पोलादाच्या जातीचे आकडे पटकन सांगणारा माणूस बहुधा आपल्या मालाला ओळखत असतो. "अस्सल आहे हो" एवढंच म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

आपल्याकडच्या जुन्या तलवारींची शेपटी आखूडच असते आणि ती मुठीत राळ-लाखेच्या मिश्रणात बसवलेली असते. त्यामुळे आखूड म्हणजे वाईट असं नाही, जोड कसला आहे ते बघायचं.

माल कुठला, यावरून तर काहीच कळत नाही. चीनमधलं लोंगछुआन हे तलवारींसाठी जुनं प्रसिद्ध गाव आहे. आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मध्ययुगीन धर्तीच्या कितीतरी तलवारी आपल्या डेहराडूनच्या विंडलास स्टीलक्राफ्ट्स या कारखान्यातून येतात. मेहुण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे डेहराडूनची तलवार घ्यायला मी टेक्ससला आलोय?" आलायस खरा.

देशी पोलादाचा मुद्दा मला सगळ्यात टोचतो, कारण तो अभिमानानं लिहिलाय आणि अभिमानाच्या जागीच चुकलाय. मराठ्यांची आवडती सरळ, लांब तलवार कोणती? फिरंग. नावातच उत्तर आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातली पाती जहाजांनी आपल्या किनाऱ्यावर उतरत होती आणि इकडचे कारागीर त्यांना आपल्या पद्धतीची मूठ चढवत होते. दांडपट्ट्यांनाही अनेकदा युरोपीय पातीच दिसतात. म्हणजे या जत्रेत ज्या काळाचं नाटक चालतं, त्याच काळातलं युरोपीय पातं मावळ्याच्या हातात होतं. त्याला पत्रा म्हणताना जरा जपून.

आपलं पोलाद कमी होतं असं मात्र मी म्हणत नाही. दक्षिण भारतात मुशीत घडणारं वुट्झ पोलाद पश्चिम आशियापर्यंत जायचं आणि खरी दमास्कस पाती त्याच जातीची. ती घडवायची जुनी हातोटी एकोणिसाव्या शतकापर्यंत जवळजवळ लोपली. आज जत्रेत 'दमास्कस' म्हणून मिळतं ते वेगळं. दोन प्रकारचं पोलाद थरावर थर जोडून, ठोकून, आम्लात बुडवून नक्षी उठवतात. चांगल्या लोहारानं केलेलं असेल तर सुंदर असतं, पण त्यानं तलवार आपोआप मजबूत होत नाही. काही ठिकाणी तर साध्या पात्यावर वरवर नक्षी कोरतात. पात्याची कड बघा. नक्षी कडेवरून पलीकडे उतरत असेल तर थर आहेत, कडेशी येऊन थांबली तर छापील.

धार नसणं हा दोष नाही. सरावाच्या तलवारी मुद्दाम बोथट असतात, जाड कडेच्या, गोल टोकाच्या, आणि पोलाद त्यांना उत्तम लागतं. जोडीदारासोबत खेळायचं की कॅन कापायचे, हे आधी ठरवा.

पोलिसांचा मुद्दा जुन्या काळी अगदीच हवेतला नव्हता. टेक्ससमध्ये तलवार अंगावर बाळगून बाहेर फिरायला बंदी होती. १ सप्टेंबर २०१७ पासून कायदा बदलला आणि शाळा, बार अशा काही जागा सोडल्या तर सज्ञान माणसाला ती बाळगता येते. जत्रेत मात्र म्यानाला झिप टाय बांधूनच फिरावं लागतं. विमानात केबिनमध्ये न्यायची नाही हे सांगायला नकोच. आणि भारतात न्यायची तर १९५९ चा शस्त्र कायदा आणि कस्टम या दोन्हींची आधी चौकशी करा. तलवारीनं केक कापल्याबद्दल पोरांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

मेहुण्यानं शेवटी घेतली. दुकानदारीण पन्नाशीची, केसांत पिसं खोवलेली. भिंतीवरची तलवार उतरवून तिनं त्याच्या हातात दिली आणि त्यानं पात्यावरून अंगठा फिरवताच कमरेचं तेलकट फडकं काढून ती जागा पुसली. घामानं गंजतं म्हणाली. त्यानं तोलून पाहिली, थापटून पाहिली, शेपटीचं विचारलं. तिनं गोळ्याच्या टोकाशी ठोकलेला रिव्हेट दाखवला आणि त्याच तलवारीची मूठ न चढवलेली दुसरी प्रत टेबलाखालून काढून समोर ठेवली. "दाजी, हलकीच लागतीय की!" तो म्हणाला, पण आता त्याचा चेहरा खुलला होता. तीनशे डॉलरच्या थोडी वर गेली.

कस्टमच्या भानगडीत पडायला नको म्हणून ती माझ्याच गॅरेजमध्ये आहे. चामड्याच्या म्यानात ठेवली तर ओल धरते, म्हणून पातं बाहेर, तेलाचा हात दिलेलं. दर रविवारी कोल्हापूरहून फोन येतो. बहिणीची विचारपूस नंतर, आधी तेल लावलं का ते.