एम्पायर मेड

पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजलेले पाने आणि काटे नसलेली घड्याळे यांच्यामध्ये पहुडलेले वीतभर लांबीचे एक प्लॅस्टिकचे विमान मी गेल्या रविवारी घासाघीस करून दीडशे रुपयांना घेतले आणि तिथूनच माझी साडेसाती सुरू झाली. "साहेब, इंग्लंडचा माल आहे, पोटावर एम्पायर लिहिलंय बघा," अशी विक्रेत्याची ग्वाही होती. घरी येऊन भिंगातून पाहिले, तर ‘एम्पायर मेड’ एवढेच शब्द आणि शेजारी ४ हा आकडा. ब्रिटिशांची वसाहत असलेल्या हाँगकाँगमधले कारखानदार १९५० आणि १९६०च्या दशकांत असा शिक्का उमटवत असत. म्हणजे साम्राज्य इंग्रजांचे, घाम हाँगकाँगचा, आणि घाम गाळणाऱ्याचे नाव गुलदस्त्यात. चारचा आकडा मी दोन दिवस कारखान्याचा क्रमांक म्हणून उराशी बाळगला. एका साच्यात एकाच वेळी अनेक नग निघतात आणि हा बहुधा त्यांतल्या चौथ्या खोबणीतला असावा, हे कळल्यावर तोही आधार गेला. शिवाय हे साचे विकले जात, आणि ज्याला ते विकत घेणे परवडत नसे तो दुसऱ्याचे खेळणे समोर ठेवून नवा साचा कोरून घेई. अशा वंशावळीत बाप शोधायचा कुठे?

निर्माता सापडत नाही तर निदान विमान कोणते ते ठरवू, म्हणून मी इंजिने मोजली. शेपटीजवळ दोन असली की फ्रेंच कॅरव्हेल, पंखांखाली चार असली की बोइंग ७०७. माझ्या विमानाला सहाही होती. अंगावर पॅन अ‍ॅम या अमेरिकन विमान कंपनीचे लेबल आणि नाक थेट ब्रिटिश कॉमेटचे! या नाकावरून मी त्या अज्ञात कारागिराला यथेच्छ बोलून घेतले. पुढे वाचनात आले की खऱ्या कॅरव्हेलचे नाक मुळात कॉमेटचेच होते, फ्रेंचांनी ते ब्रिटिशांकडून रीतसर घेतले होते. बिचाऱ्याचे जे एक बरोबर होते, नेमके त्यावरच मी बोट ठेवले होते.

उरली प्लॅस्टिकची परीक्षा. पॉलिथिन पाण्यावर तरंगते, पॉलिस्टायरीन बुडते. मी बादली भरून विमान सोडले. ते एक पंख खाली घालून डौलात तरंगू लागले. "पॉलिथिन!" मी ओरडलो.

"अहो, आतून पोकळ आहे ते," दारातून सौ. म्हणाली. "स्टीलची वाटीसुद्धा तरंगते. ती काय पॉलिथिनची?"

तेव्हा मी विमानाचे निखळलेले, भरीव चाक पाण्यात टाकले. ते सरळ तळाशी गेले. निदान चाक पॉलिथिनचे नाही, एवढे निर्विवाद सिद्ध झाले, म्हणून मी वही आणायला धावलो. परत येईपर्यंत सौ.ने बादली मोरीत रिकामी करून तीत कपडे भिजवले होते.