फाशीबद्दल, आपल्या पौड रोडच्या केसवरून

बलात्काराची, खुनाची बातमी आली की सगळ्या ग्रुपवर तेच सुरू होतं, भर चौकात लटकवा, असल्यांना वकील कशाला देता. राग मलाही येतो, लहान पोरीबद्दल असं काही वाचलं की जेवण जात नाही. तरीही मी फाशीच्या विरोधात आहे, आणि का ते जरा सविस्तर लिहितोय.

पुण्याला फाशी नवीन नाही. चाफेकर बंधू 1898-99 मध्ये येरवड्यातच फासावर गेले, पुढे माजी लष्करप्रमुख जनरल वैद्यांचे मारेकरी 1992 ला, कसाब 2012 ला, तोही तिथेच. पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खुनांच्या, म्हणजे घरात घुसून एकामागून एक माणसं मारली त्या काळातलं घरातल्या मोठ्यांना विचारून बघा, 76-77 साल, अंधार पडला की रस्ते ओस, दाराची कडी काढायच्या आधी आतूनच चार वेळा कोण आहे म्हणून विचारायचे. ते खून करणाऱ्या चौघांना 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात फाशी झाली तेव्हा लोकांना हायसं वाटलं असेल तर त्यात मला काहीच गैर वाटत नाही. ती भीती खरी होती.

पण मग पौड रोडची केस घ्या. 26 ऑगस्ट 1994, एकाच घरातले सात जण मारले, पाच बायका, त्यातली एक गरोदर, आणि दोन लहान मुलं. अख्खं पुणे हादरलं होतं. 1998 ला इथल्या सेशन कोर्टाने दोघांना फाशी दिली, हायकोर्टाने कन्फर्म केली, 2000 मध्ये सुप्रीम कोर्टानेही कायम ठेवली. आणि मार्च 2023 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने त्यातल्या एकाला सोडून दिलं, कारण राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख होती 1 फेब्रुवारी 1982. म्हणजे घटनेच्या वेळी वय साडेबारा! सातवी-आठवीतलं पोर. कायद्याने अशा मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं, हा 28 वर्षं आत होता आणि त्यातली पंचवीस वर्षं डोक्यावर फाशी. तीन-तीन कोर्टांतून केस गेली, पण शाळेचा एक कागद कुणी मागवला नाही. मधल्या काळात दोर ओढला गेला असता तर ते रजिस्टर कपाटातच राहिलं असतं आणि आपण सगळे न्याय झाला म्हणून मोकळे झालो असतो.

ही एकच केस असती तर म्हणालो असतो चूक झाली. पण नाशिककडची 2003 ची केस बघा, दरोडा, खून, बलात्कार, आरोपी भटक्या समाजातले सहा जण. 2009 ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली आणि मार्च 2019 मध्ये सहाही जण निर्दोष. वाचलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधले दुसऱ्याच चौघांचे फोटो ओळखले होते आणि पोलिसांनी त्या चौघांना हात लावला नाही!! सोळा वर्षं गेली, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्या म्हणाले. आणि त्या बाईला तरी काय मिळालं सांगा, खरे गुन्हेगार कुठे आहेत?

ज्यांच्याकडे चांगला वकील नाही, शाळेचा दाखला शोधायला गावी जाणारं कोणी नाही, तेच फासापर्यंत पोचतात. सुप्रीम कोर्टाच्या 1980 च्या बच्चन सिंग निकालात फाशी फक्त "दुर्मिळातली दुर्मिळ" केस असेल तरच द्यायची ही कसोटी आली खरी पण ती लावणारी माणसंच असतात, एका बेंचला दुर्मिळ वाटतं ते दुसऱ्याला वाटत नाही. बाबासाहेबांनी तर 3 जून 1949 लाच घटना समितीत सांगितलं होतं की फाशीची शिक्षाच रद्द करावी.

मग सोडून द्यायचं का, असं लगेच विचारतात. अजिबात नाही. पुण्याजवळच्या गहुंजेच्या 2007 च्या बलात्कार-खुनाच्या केसमध्ये दया अर्ज फेटाळल्यावरही सरकारी दिरंगाईत इतका वेळ गेला की 2019 मध्ये हायकोर्टाने फाशी बदलून 35 वर्षं जन्मठेप केली. तेव्हा पुण्यात लोक चिडले, मला मात्र ती शिक्षा योग्य वाटते. 35 वर्षं म्हणजे तारुण्य सगळं आत जातं, समाज सुरक्षित राहतो, आणि उद्या एखादं रजिस्टर सापडलंच तर दार उघडता येतं. चौकात लटकवाच्या ऐवजी तपास कोणी केला, ओळख परेड नीट झाली का, आरोपीला वकील कधी मिळाला, हे आपण विचारायला लागलो तर त्या पोरींच्या घरच्यांना खरा गुन्हेगार सापडण्याची शक्यता जास्त आहे.