पोसतंय कोण कुणाला?

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद आहे. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन मिळतं, ते कशाला? "आमच्या करातून रिकामटेकडे पोसायचे," असं एका दादाने लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. अंगठेवाले बहुतेक पगारदार, दोघे तर पेन्शनवर.

मला हे सहन होत नाही. इथे जर्मनीत, श्टुटगार्टला माझी नोकरी गेली तेव्हा आम्टमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, नाव नोंदवलं. निव्वळ पगाराच्या ६७ टक्के खात्यात येऊ लागले. मूल नसतं तर ६० आले असते. समोरच्या बाईंनी घरची शेती विचारली नाही, की भाऊ काय करतो तेही नाही. बेरोजगारी विम्यासाठी पगाराच्या २.६ टक्के हप्ता जातो, अर्धा माझा, अर्धा कंपनीचा. उपकार कुणाचेच नव्हते. सरकारी निर्वाह भत्त्यावर जगणाऱ्यांना इथेही बोल लावतात, पण मिळायचं ते कायद्याने मिळतं.

"ते देश श्रीमंत आहेत," हे उत्तर ठरलेलं. मग आपलंच घ्या. १९७२च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचं रूप आलं. मागितल्यावर पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता. आणि दादा, तुमच्या पगारातून दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर कापतात ना? तो १९७५ साली याच हमीसाठी लावला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या रिकाम्या हातांना काम द्यायचं, हे महाराष्ट्राने तेव्हाच ठरवलं होतं. इथल्या सहकाऱ्यांना मी हे छाती फुगवून सांगतो.

"तू इथे काय भरतोस?" दादाने विचारलं. लागलं. खरंच, तिथे मी काही भरत नाही. पण नोकरी गेल्याचं नवी मिळेपर्यंत मी बाबांना कळू दिलं नव्हतं. आम्टच्या रांगेत मान वर करून उभा राहिलो. घरचा फोन आला की घसा कोरडा पडायचा. परक्यांपुढे वाटली नाही ती लाज आपल्या माणसांपुढे का वाटावी? आजही ते घर माझं म्हणताना हे मनात सलतं.

त्याच ग्रुपमध्ये आत्याचा नातू आहे. याच योजनेतून तो रोज पंचायत समितीच्या कार्यालयात कामाला जातो. त्याच्या बाजूने एकानेही लिहिलं नाही, म्हणून मी लिहिलं. पुन्हा लिहीन.