समुद्र आपलाच समजा

समुद्रावर जायचंय? मग सगळे जातात त्याच आठवड्यात, त्याच किनाऱ्यावर जा. गाडी थेट वाळूत घाला. वाटेत वाळूच्या टेकड्यांवर पसरलेले वेल चिरडले तर चिरडू द्या. त्यांच्यामुळे वाळू जागेवर राहते म्हणे. पण वाळू जाऊन जाऊन जाणार कुठे? समुद्रातच ना!

पुढे एक मच्छीमार जाळं पसरून फाटलेला भाग विणत बसलेला दिसेल. त्याच जाळ्यावर बसून फोटो काढा. तो मध्ये येत असेल तर सरकायला सांगा. नाहीतर असू द्या, 'साधं जीवन' असं खाली लिहिता येईल. होडी ओढून ठेवायची त्याची जागा हॉटेलच्या आरामखुर्च्यांनी घेतलीय, पण वाईट वाटून घेऊ नका. त्याचा मुलगा त्याच खुर्च्या पुसतो. रोजगार आला की नाही? हंगामापुरता का होईना.

खोलीवर गेल्यावर मनसोक्त अंघोळ करा. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. उपसा वाढला की विहिरी खारट होतात. होईनात! तुम्हाला कुठे विहिरीचं प्यायचंय? तुमची बाटली आहे. रिकामी झाली की तीही तिथेच ठेवा, आठवण म्हणून.

रात्री टॉर्च घेऊन कासवाची पिल्लं शोधा. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाकडे चालतं, आणि एरवी तो उजेड पाण्याच्या बाजूला असतो. तुमच्या मागे ते पार्किंगपर्यंत आलं, तर तेवढंच त्याचंही पर्यटन.

काही सरकारं मात्र फार खडूस. फिलिपिन्सने २०१८ मध्ये सांडपाणी समुद्रात जातं म्हणून अख्खं बोराकाय बेट सहा महिने पर्यटकांना बंद केलं. थायलंडने त्याच वर्षी माया बे हा किनारा बंद केला, तो उघडला थेट २०२२ मध्ये. मधल्या काळात तिथे शार्क परतले. म्हणजे शार्कसुद्धा माणसांना घाबरून होते!

निघताना अभिप्राय जरूर लिहा : 'जागा छान, पण गर्दी फार. पूर्वीची मजा नाही.' शेजारची छोटी खाडी अजून कुणाला माहीत नाही, हेही लिहा. आणि तिचा नकाशा जोडायला विसरू नका.