‘आजीने दहा वाढवली’ हे अर्धेच खरे

गेले काही आठवडे एक मजकूर कौटुंबिक गटांमधून फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आमच्या आज्यांनी कुणाच्या शिकवणीशिवाय दहा-दहा मुले वाढवली, आता आशाताई, अंगणवाडी आणि शाळा आईबापांना बालसंगोपन शिकवू लागल्या, म्हणजे सरकार थेट पाळण्यापर्यंत पोचले, शिवाय तीन वर्षांच्या आत मुलाला कळते तरी काय, आणि या बायकांना आधीच का कामे थोडी आहेत?

‘दहा वाढवली’ या वाक्यात जगलेलीच तेवढी मोजली जातात. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. २०२० साली हा आकडा देशात २८ वर आणि महाराष्ट्रात १६ वर आला. ही घट लसी, दवाखाने, पाणी, आईचे शिक्षण अशा अनेक कारणांनी झाली, एकट्या पालक-मार्गदर्शनाने नव्हे. परंतु पूर्वी सगळे आपोआप नीट होत होते, हा दावा त्या आकड्यापुढे टिकत नाही. आजीला कुणी शिकवले नाही, हेही खरे नाही. सासू, जाऊ, शेजारीण आणि सुईण तिला शिकवतच होत्या. त्यातले बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणे आणि मांडीवरची बडबडगीते मोलाची होती. पहिला चीक पिळून टाकणे आणि मध चाटवणे मात्र घातक होते. आज शहरात दोन खोल्यांत दिवसभर एकट्या असणाऱ्या बाळंतिणीजवळ तो गोतावळाच उरलेला नाही.

घुसखोरीच्या आरोपाबद्दल. आशा ही त्याच गावची रहिवासी असते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, हात धुते, बाळाला झोळीत ठेवून वजन करते, अंगडे वर सारून मिनिटभर श्वास मोजते. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून अधिक भरले, तर पुन्हा मोजून खात्री करते आणि दवाखान्यात पाठवते. ही पद्धत दिल्लीच्या कचेरीत सुचलेली नाही, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ती गडचिरोलीच्या ३९ गावांत वापरून पाहिली, आणि तिथला नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेने आपल्या भिंतींच्या आत राहावे, असे म्हणणाऱ्यांनी ‘अंगणवाडी’ हा शब्दच एकदा फोडून पाहावा. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई मोडक बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या.

‘लहानग्यांना काय कळते’ याचे उत्तर जमैकातून मिळते. तिथे किंग्स्टनमध्ये १९८० च्या दशकात वाढ खुंटलेल्या १२९ मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे, आठवड्याला एक तास, जात. त्या टाकाऊ वस्तूंची खेळणी नेत आणि मुलाशी कसे खेळावे, बोलावे, हे आईला दाखवत. वीस वर्षांनंतर या मुलांची कमाई, अशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक निघाली. अभ्यास लहान होता, हे मान्य. पण मुलांना त्या वयात काही कळत नाही, असे त्यावरून म्हणता येत नाही.

कामाच्या ओझ्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आहे, आणि त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढाच चुकीचा. नवजात बाळाच्या सहा गृहभेटी पूर्ण झाल्यावर आशाला २५० रुपये, असा हिशेब योजना आखताना ठरवला गेला, म्हणजे एका भेटीला बेचाळीस रुपयेसुद्धा नाहीत. अंगणवाडी सेविकेचा निम्मा जीव नोंदवह्यांत आणि मोबाइलवरच्या माहितीत अडकतो, तो मुलांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या वाट्याला यायला हवा. मजकूर लिहिणाऱ्याने आपला राग या मानधनावर काढला असता, तर मीही तो पुढे पाठवला असता.