‘चारही चाकांना डिस्क लावा’ या सल्ल्यात काय काय चुकतंय

जुन्या अमेरिकन मसल कार (मोठ्या, दमदार इंजिनाच्या गाड्या) बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. थोडक्यात असा: ‘ड्रम ब्रेकवाली गाडी म्हणजे चालताबोलता अपघात. चारही चाकांना डिस्कचं किट घ्या, डिस्क जितकी मोठी तितकी चांगली. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तरी चालतो. शनिवारी सकाळी काम सुरू करा, संध्याकाळी गाडी निम्म्या अंतरात थांबेल.’

आधी शब्दांची ओळख: ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून लायनर लावलेले शू दाबतात. डिस्क ब्रेकमध्ये फिरत्या चकतीला कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅडने दाबतो. मास्टर सिलिंडर पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलून चाकांपर्यंत पाठवतो.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. माझ्याकडे १९६८ची शेव्हरोले शेव्हेल मालिबू आहे, कारखान्यातून चारही चाकांना ड्रम घेऊन आलेली. मी पुढे डिस्क बसवल्या आणि त्याचं मला समाधान आहे, त्यामुळे डिस्कला माझा विरोध नाही. पण हा सल्ला जसाच्या तसा पाळला तर आधीपेक्षा धोकादायक गाडी तयार होऊ शकते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘निम्म्या अंतरात थांबेल.’ नाही थांबणार. गाडी थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणाचा जोर. माझ्या मालिबूचे ड्रम नीट ॲडजस्ट केलेले असताना पेडल जोरात दाबलं की चाकं लॉक व्हायची, म्हणजे फिरायची थांबून घसरायची. चाक लॉक झालं याचा अर्थ टायरला पेलवेल त्यापेक्षा जास्त जोर ब्रेकने आधीच दिलाय. तिथे डिस्क लावून आणखी काय मिळणार? एकदाच, थंड ब्रेकवर गाडी थांबवायची असेल तर पहिला खर्च चांगल्या टायरवर करावा. दहा वर्षं गॅरेजमध्ये कडक झालेल्या रबरावर कुठलंही किट उपयोगाचं नाही.

डिस्कचा खरा फायदा दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वेळी दिसतो. माणसांसकट १६०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ६२० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. दोन लिटर पाणी उकळीला आणायला साधारण तेवढीच लागते, आणि इथे ती काही सेकंदांत तयार होते. ड्रममध्ये ती कोंडते. ड्रम तापून फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो, आणि पेडल खाली खाली जायला लागतं. डिस्क तापली की पॅडच्या दिशेने फुगते आणि उघड्या हवेत लवकर निवते. फियाट किंवा ॲम्बेसिडर घेऊन बोरघाट उतरलेल्यांना तो जळका वास आणि ते मऊ पडलेलं पेडल आठवत असेल. पाण्यातून गेल्यावरही ड्रमची पकड काही वेळ जाते. महामार्गावर, गर्दीत, उतारावर गाडी चालवणार असाल तर पुढे डिस्क जरूर लावा, पण या कारणांसाठी.

‘चारही चाकांना.’ जोरात ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं. या गाड्यांचं व्ही-८ इंजिन आधीच नाकावर बसलेलं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. त्या काळात कारखान्यांनीही बहुतांश गाड्यांना पर्याय दिला तो पुढे डिस्क, मागे ड्रम असाच. १९६५ची कॉर्व्हेट चार डिस्क घेऊन आली, १९६९च्या कॅमॅरोलाही तसा पर्याय होता, पण तो फार थोड्यांनी घेतला. शिवाय मागे डिस्क लावली की हँडब्रेकचा प्रश्न येतो. ड्रममध्ये तो सरळ आणि भरवशाचा असतो, मागच्या कॅलिपरमधल्या यंत्रणेत तो बऱ्याचदा रडतखडत चालतो. रेसट्रॅकवर जायचं नसेल तर मागचे ड्रम राहू द्यावेत.

‘मास्टर सिलिंडर जुनाच चालतो.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. किट विकणाऱ्याने मलाही हेच सांगितलं होतं आणि मी ते मानलं. पहिल्याच फेरीत आठ-दहा किलोमीटरवर गाडी ओढल्यासारखी वाटायला लागली. सिग्नलला उतार होता, न्यूट्रल करून पाय काढला तरी गाडी जागची हलेना. घरी आल्यावर पुढच्या रिमला हात लावणं अशक्य होतं. जॅकवर घेतली तर चाक दोन्ही हातांनीही फिरेना. कॅलिपरचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) पाव फेरी सैल केला, ब्रेक ऑइलची बारीक पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं.

झालं असं होतं की ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय (दर चौरस इंचावर १० पौंड) दाब राखतो, म्हणजे चाकातल्या सिलिंडरचे रबरी कप घट्ट बसतात आणि हवा आत शिरत नाही. ड्रममध्ये शू मागे ओढायला जोरदार स्प्रिंग असतात, त्यामुळे एवढा दाब चालतो. कॅलिपरला तशी स्प्रिंगच नसते. तिथे पिस्टनभोवतीचं चौकोनी सील पिस्टनला केसभर मागे घेतं, बस. तो १० पीएसआय पॅडला डिस्कवर चिकटवून ठेवायला पुरतो.

मास्टर सिलिंडर बदलायचं दुसरं कारण, ड्रममधले शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत खेचले जातात, म्हणून थोड्या जोरावर काम भागतं. डिस्कमध्ये हे घडत नाही, सगळा दाब पायाने किंवा बूस्टरने (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाला मदत करणारा डबा) द्यावा लागतो. सिलिंडरचा बोअर १⅛ इंचावरून १ इंचावर आणला तर त्याच पायाने सुमारे २७ टक्के जास्त दाब मिळतो, मात्र पेडल तेवढं लांब जातं. पॅड झिजतात तसं कॅलिपरमध्ये ऑइल जास्त उतरतं, म्हणून पुढच्या चाकांसाठीची टाकीही मोठी लागते. मास्टर सिलिंडर डिस्क-ड्रमचाच घ्या.

बूस्टर लावणार असाल तर आधी इंजिनचा व्हॅक्यूम गेजने मोजा. बूस्टरला साधारण १८ इंच (पाऱ्याच्या मापात) व्हॅक्यूम लागतो. गाडीत मोठा कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा दांडा) असेल तर आयडलला तो बराच कमी मिळतो, आणि ऐन पार्किंगमध्ये पेडल दगडासारखं कडक लागतं.

‘मोठी डिस्क चांगली.’ आधी चाकात मावते का ते बघा. मूळ १४ इंची रिममध्ये कॅलिपर बऱ्याचदा अडकतो. ११ इंची डिस्क आणि १५ इंची रिम रस्त्यावरच्या गाडीला भरपूर झाली. त्याहून मोठी लावली तर पुढे-मागे तोल पुन्हा नव्याने जुळवावा लागतो.

राहिला ‘एका शनिवारी’चा मुद्दा. नटबोल्ट एका दिवसात आवळून होतील. पण हवा काढणं, बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधल्या दांड्याची लांबी तपासणं, नवे पॅड डिस्कवर घासून बसवून घेणं आणि मागचा दाब जुळवणं हे सगळं उरतंच. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते. पुढची आधी झाली तर ती निदान सरळ जाते.

मी रविवारी सकाळी एका रिकाम्या, कोरड्या पार्किंगमध्ये गेलो. मेहुणा बाजूला उभा राहून चाकं बघत होता. ताशी ५० किलोमीटरवर ब्रेक दाबला आणि तो ओरडला, “मागची आधी!” गाडीची शेपूट हातभर सरकली होती. मागच्या लाइनवरचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) थोडा कमी केला, ब्रेक थंड होऊ दिले, पुन्हा पळवली. पुन्हा मागची. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी पुढचे टायर किंचाळले, गाडी सरळ रेषेत थांबली. व्हॉल्व्ह आणखी पाव फेरी कमी करून ठेवला आणि मगच मालिबू रस्त्यावर काढली.