‘आजारी काडीकिडे विकले’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. लेकीच्या उन्हाळी सुट्टीच्या प्रकल्पासाठी आमच्या सीताबर्डीच्या दुकानातून तुम्ही पाच काडीकिडे नेले. त्यातले तीन मेले, चौथ्याचा पाय गेला, म्हणून ‘आजारी किडे गळ्यात मारले, पैसे परत करा’ असं तुमचं म्हणणं. सोबत फोटो टाकलेत हे बरं केलंत. त्यावरून स्पष्ट दिसतं की किडे आजारी नव्हते, ते कात टाकताना गेले.

फोटोतला डबा मिठाईचा आहे, जेमतेम चार बोटं उंच. काडीकिडा वाढतो तो कात टाकत टाकतच. या जातीची मादी मोठी होईपर्यंत साधारण सहा वेळा कात टाकते. तेव्हा ती फांदीला मागच्या पायांनी उलटी लटकते, पाठीवर कातडी उकलते आणि डोकं खाली ठेवून ती आख्खी त्यातून खाली सरकते. खाली अंगाच्या दुप्पट तरी मोकळी जागा लागते. ती नसली की ओला, मऊ किडा तळाला टेकतो आणि तसाच वाकडा वाळतो. तुमच्या दुसऱ्या फोटोतला किडा कमरेत वाकलाय तो यानेच.

दुसरं म्हणजे एसी. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याच्याशिवाय माणसाचंच भागत नाही, तेव्हा तो बंद करा असं म्हणणार नाही. पण कोरड्या हवेत जुनी कातडी पायाला चिकटून बसते, आणि पाय निघालाच नाही तर किडा तो पायच सोडून देतो. चौथा अजून लहान आहे. पुढच्या काती टाकताना तिथे नवा पाय फुटेल, आधी बारकासा. पूर्ण वाढ झाली की कात थांबते, मग मात्र येत नाही. लेकीला रोज बघून लिहून ठेवायला सांगा, प्रकल्पाला याहून चांगला मजकूर कुठला!

(अडकलेला किडा तिने ओढून बाहेर काढला, असंही तुम्ही लिहिलंय. रागवू नका तिला, पण कात टाकणाऱ्याला हात लावायचा नाही.)

‘सगळ्या माद्याच दिल्या’ हीही तक्रार आहे. तामिळनाडूच्या पलनी डोंगरांतल्या या जातीत नर क्वचितच सापडतो. मादी नराशिवायच अंडी घालते, त्यातून पुन्हा माद्याच निघतात. डब्याच्या तळाशी बियांसारखे तपकिरी दाणे दिसले तर झाडून टाकू नका, दोन-चार महिन्यांनी पिल्लं निघतील.

उरलेल्या दोघांना आजच उभ्या बरणीत हलवा. तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा, आत गुलाबाची डहाळी ठेवा आणि संध्याकाळी पानांवर पाण्याचा हलका फवारा मारा. गुलाब घरच्या कुंडीतलाच हवा. नर्सरीतून आणलेल्या नव्या रोपावर औषध मारलेलं असू शकतं.

पैसे परत देणार नाही. पाचही किडे धडधाकट दिले होते, आणि उंच बरणीची सूचना पावतीमागे छापलेली आहे. बदली किडेही आत्ता देत नाही, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, ते टिकायचे नाहीत. पाऊस लागला की या, तीन पिल्लं फुकट घेऊन जा. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर लेकीचं काम या दोघांवर निभेल.